गट-गण रचना : पाडा कोणत्या गटात गेला, हे का बघावं?

जिल्हा परिषद निवडणूक आली की सगळ्यांचं लक्ष आरक्षण सोडतीकडे असतं. पण निम्मा खेळ त्याआधीच, गट-गण रचनेत झालेला असतो. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांसाठी तर ही रचना फार महत्त्वाची.

गट आणि गण म्हणजे काय?
जिल्हा परिषदेचा एक सदस्य निवडून देणारा भाग म्हणजे गट. एका गटाचे दोन गण, आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य. धुळे जिल्हा परिषदेत 56 गट आहेत, जळगावला 2017 च्या निवडणुकीत 67 होते.

आदिवासींच्या जागा कशा ठरतात?
राज्यघटनेच्या कलम 243-ड नुसार लोकसंख्येच्या प्रमाणात. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जमातीचे लोक धुळे जिल्ह्यात सुमारे 31.6 टक्के, तर जळगावात 14.3 टक्के होते. जिल्हा परिषदेत शहरं मोजत नाहीत, म्हणून ग्रामीण भागात हे प्रमाण आणखी वाढतं. जागा किती ते असं ठरतं. कोणता गट राखीव, हे ठरवताना जमातीची टक्केवारी जास्त असलेले गट आधी धरतात, पुढे फिरतं आरक्षण लागतं. निम्म्या जागा महिलांना.

रेषेनं काय बिघडतं?
समजा, 30 हजार लोकसंख्येचे दोन गट शेजारी आहेत आणि त्या पट्ट्यात 20 हजार आदिवासी राहतात. सगळे पाडे एका गटात राहिले तर तिथं ते 66 टक्के. मधून रेष ओढली तर दोन्हीकडे 33-33 टक्के. मग आरक्षणाच्या यादीत दोन्ही गट खाली घसरतात आणि खुल्या जागेवरही पाड्यांचं मत निर्णायक राहत नाही. उलटंही होतं. दोन गटांत भारी पडतील एवढे पाडे एकाच गटात कोंबले की दुसऱ्या गटात त्यांचा आवाज संपतो. अमेरिकेत काळ्या मतदारांच्या बाबतीत हेच दोन प्रकार झाले. तिथं 1965 च्या मतदान हक्क कायद्याच्या आधारे असे नकाशे कोर्टात गेले.

आपल्याकडे गट सलग असावा, गाव तुटू नये, अनुसूचित जाती-जमातीच्या वस्त्या शक्यतो फुटू नयेत, नदी-नाले-रस्ते बघून हद्द धरावी, अशी पद्धत आहे.

50 टक्क्यांचा प्रश्न
मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं एकूण आरक्षण 50 टक्क्यांवर जाऊ नये असं सांगितलं. धुळ्यात जमातीच्या जागा लोकसंख्येमुळे जास्त. त्या कायम राहिल्या, ओबीसींच्या 15 जागा मात्र रिकाम्या झाल्या आणि ऑक्टोबर 2021 मध्ये तिथं पोटनिवडणूक झाली.

हरकत कशी घ्यावी?
- प्रारूप रचना जाहीर झाली की तहसील कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या वेबसाईटवर आपल्या गावाचं नाव आणि जमातीची लोकसंख्या तपासा.
- हरकत लेखी द्या. कोणतं गाव कोणत्या गटात हवं आणि का, हे आकड्यासह लिहा. ग्रामसभेचा ठराव असेल तर तोही जोडा.
- पोच घ्या, सुनावणीला हजर राहा.
- मुदत थोडी असते. 2025 च्या जुलैमध्ये जेमतेम आठवडाभर मिळाला होता.

सोडत निघाल्यावर रचनेवर बोलून उपयोग नसतो.

विधानसभेचं काय?
चोपडा, शिरपूर आणि साक्री हे मतदारसंघ जमातीसाठी राखीव आहेत. सध्याच्या हद्दी 2008 च्या आदेशाच्या, 2001 च्या जनगणनेवर आखलेल्या. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर त्या पुन्हा आखता येतील. म्हणून जनगणनेचा माणूस दारात आला की पाड्यावरच्या प्रत्येक घराची नोंद नीट करून घ्यावी. मजुरीला बाहेरगावी गेलेलं कुटुंब सुटलं, तर पुढचा आकडाच कमी भरतो.