ठिपका

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे दोन महिने पडद्याकडे बघायची बंदी होती. असो. मंडळी, आजचा विषय इतिहासच आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही. गव्हाच्या पानावरच्या एका ठिपक्याचा आहे.

गोष्ट १९८४ सालची. विज्ञानाचे सर रजेवर होते आणि त्यांचा तास माझ्याकडे आला होता. मी बी.ए., मराठी आणि इतिहास शिकवणारी. सहावीतला एक मुलगा गव्हाची दोन पानं घेऊन आला. एक शेजाऱ्याच्या शेतातलं, तांबेऱ्याने भरलेलं, बोट लावलं की नारिंगी भुकटी. दुसरं त्यांच्या शेतातलं. त्याच्यावर भुकटी अजिबात नाही, नुसते टाचणीच्या डोक्याएवढे वाळके ठिपके.

"बाई, आमचा गहू आजारी का बरा?"

मी पान उजेडात धरलं, आणि काही माहीत नसताना ठामपणे सांगितलं, "ठिपके आहेत म्हणजे रोग आहे. आज थोडा आहे, उद्या वाढेल." मुलाने घरी जाऊन तसंच सांगितलं. त्या वर्षी त्याच्या वडिलांनी त्या गव्हाचं बी ठेवलं नाही, सगळा दळून खाल्ला. हे मला पुढे कधीतरी त्यानेच हसत हसत सांगितलं. मीही हसले होते.

गेल्या महिन्यात पुतण्याची मुलगी राहायला आली होती. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. मटार सोलता सोलता तिला ही गोष्ट सांगितली, तर ती सोलायची थांबली. म्हणाली, "आजी, ते ठिपके म्हणजे गहू जिंकल्याची खूण असणार." मग दोन दिवस मी तिची विद्यार्थिनी झाले. तिच्याकडून जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एल्विन स्टॅकमन नावाचे संशोधक गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत. तांबेऱ्याला दाद न देणारे गहू त्यांनी बारकाईने तपासले. त्यांना वाटलं असतं की अशा गव्हात बुरशी शिरतच नसेल. पण बुरशी शिरत होती. मात्र ती शिरली की तिथल्या पेशी झटपट मरत, आणि तांबेरा तर जिवंत पेशींवरच जगतो. भोवती सगळं मेलेलं, खायला काही नाही, अशी त्याची उपासमार होई. १९१५ साली स्टॅकमन यांनी हे प्रसिद्ध केलं आणि या गुणाला 'अतिसंवेदनशीलता' असं नाव दिलं. म्हणजे जे झाड चटकन दुखावतं, तेच वाचतं!

हे वाचताना मला वडगावची लढाई आठवली. १७७९ साली इंग्रजांची फौज घाट चढून पुण्याकडे निघाली, तेव्हा मराठ्यांनी वाटेतला मुलूख ओसाड केला, तळेगाव जाळलं. शत्रूला दाणा नाही, वैरण नाही. शेवटी फौज मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली. वर्गात हे मी किती रंगवून सांगत असे! तीच युक्ती माझ्या हातातल्या पानावर होती आणि मला ती वाचता आली नाही.

पण गाव जाळणारी ठिणगी कुठली? याचं उत्तर मिळायला आणखी ६८ वर्षं गेली. ते मिळालं जपानमध्ये, नागोया विद्यापीठात, आणि तेही बटाट्यावर. बटाट्याचा करपा म्हणजे तोच रोग, ज्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला आणि सुमारे दहा लाख माणसं गेली. नोरियुकी डोके या शास्त्रज्ञांनी बटाट्याच्या गरावर करप्याचे दोन वाण सोडले. एक बटाट्याला ओळखता येणारा, दुसरा न येणारा. ओळखीचा शत्रू शिरताच गरातून सुपरऑक्साइड बाहेर पडू लागलं. हे ऑक्सिजनचंच तापट रूप. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटला की ते तयार होतं. डोके यांनी हे १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं.

सुपरऑक्साइडपासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. जखमेवर ओतलं की फेस येतो, तेच. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतू गिळल्यावर हेच अस्त्र सोडतात. पुढे दिसून आलं की झाडात ते तयार करणारं विकर आपल्या पांढऱ्या पेशींतल्या विकराचंच भावंड आहे.

सुरुवातीला वाटलं, हे नुसतं विष असावं. १९९४ मध्ये अमेरिकेत सोयाबीनच्या पेशींवर झालेल्या कामातून कळलं की ते निरोपही पोचवतं. हायड्रोजन पेरॉक्साइड शत्रूजवळच्या पेशीला मरायला लावतं आणि तेच पाझरत शेजारच्या पेशींना सावध करतं. शेजारणी मग आपली संरक्षक जनुकं जागी करतात. शिवाय पेशींच्या भिंतीही पक्क्या होतात. जी पेशी मरते, ती वर्दी देऊन मरते.

या अस्त्राला उलटी बाजूही आहे. द्राक्षांवर, स्ट्रॉबेरीवर येणारी करडी बुरशी मेलेल्या पेशींवरच पोसते. २००० साली इस्राएलमधल्या संशोधकांनी दाखवलं की झाडाने अशी जाळपोळ केली की या बुरशीचं फावतं. म्हणजे शत्रू कोण आहे हे ओळखल्याशिवाय जाळपोळ करून उपयोग नाही.

आता हिशेब मांडते. त्या मुलाने १९८४ मध्ये विचारलं, तेव्हा ठिपक्याचा अर्थ छापून ६९ वर्षं झाली होती आणि ठिणगीचा शोध जेमतेम वर्षाचा होता. खेड्यातल्या शाळेत तो माझ्यापर्यंत पोचला नाही, यात माझा दोष नाही. पण "मला माहीत नाही, विचारून सांगते" एवढं म्हणायला कुठलं शास्त्र लागत होतं? गावात कृषी खात्याचा माणूस येत असे. पान त्याला दाखवता आलं असतं. बाईंना सगळं येतं, हा मुलांचा समज मला मोडवला नाही, आणि चांगलं बी चक्कीत गेलं.

परवा त्याचा नंबर मिळवून फोन केला. पन्नाशी ओलांडली आहे त्याची, अजून शेतीच करतो. सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बाई, आमचा गहू बरा होता तर."

"हो रे," म्हटलं, "बरा होता."

चू. भू. द्या. घ्या.