मूर्तिपूजा : बायबलमध्ये आणि नगरच्या ख्रिस्ती घरांत

मूर्तिपूजा (ख्रिस्ती धर्मविचार) : परमेश्वराला द्यायची भक्ती, निष्ठा किंवा भरवसा दुसऱ्या कोणाला वा कशाला देण्याचा दोष. ही व्याख्या मूर्तीचे नाव मुद्दाम टाळून केली आहे. मराठीत या दोषाला ‘मूर्तिपूजा’ हे नाव पडले आणि तेव्हापासून सगळ्यांचे लक्ष दगड, लाकूड आणि पितळेवर खिळले. बायबलचा रोख याहून बराच रुंद आहे आणि तो बहुतेक वेळा शेजाऱ्यावर नसून आपल्याच माणसांवर आहे. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावसारख्या गावाच्या परिसरात हा शब्द कसा वापरला जातो हे पाहिले, की दोन्ही गोष्टी ध्यानात येतात. मिरजगाव ज्या कर्जत तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात अष्टविनायकांपैकी सिद्धटेक आहे, राशीनची देवी आहे आणि कर्जतचे गोदड महाराज आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या इतर टोकांना शिर्डी, शनिशिंगणापूर, मढी, मोहटा. इथल्या ख्रिस्ती माणसाला मूर्ती पुस्तकात शोधावी लागत नाही.

शब्दाची अडचण : हिब्रू बायबलमध्ये मूर्तीला एक शब्द नाही, अनेक आहेत. ‘पेसेल’ म्हणजे कोरलेली वस्तू. ‘एलीलीम’ म्हणजे कवडीमोलाच्या गोष्टी. देव या अर्थाच्या ‘एल’शी त्याचा आवाज जुळतो, म्हणून त्यात कुचेष्टाही आली. यहेज्केल संदेष्टा वारंवार ‘गिल्लुलीम’ म्हणतो, तो शब्द शेणाच्या गोळ्यांची आठवण करून देतो. ग्रीक ‘एइडोलोन’चा मूळ अर्थ छाया, आभास. या सगळ्या शब्दांत तिटकारा मुरलेला आहे. मराठी ‘मूर्ती’त तो औषधालाही नाही. आपण वेदमूर्ती म्हणतो, मूर्तिमंत सौजन्य म्हणतो, एखाद्या आजींना पाहून ‘काय प्रसन्न मूर्ती’ असे सहज म्हणून जातो. सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली मराठी नवा करार बाहेर पडला तेव्हापासून भाषांतरकारांना हा पेच आहे : मूळ शब्द हिणवतो, मराठी शब्द हात जोडायला लावतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केलेल्या भाषांतरात हिंदू उपासनेचा वास असलेले शब्द निवडून बाजूला काढण्याचा प्रयत्न केला. अखेरपर्यंत त्या या कामात होत्या. 1922 साली त्या वारल्या आणि संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. शब्द धुऊन घेता येतात, पण भाषेच्या आठवणी धुता येत नाहीत, असे ते भाषांतर वाचताना वाटत राहते.

बायबलमधील प्रसंग : पहिली गोष्ट घरातलीच आहे. याकोबाची बायको राहेल माहेर सोडताना बापाचे गृहदेव, ‘तेराफीम’, चोरून आणते. बाप लाबान पाठलाग करत येऊन तंबू धुंडाळतो. राहेल ते देव उंटाच्या खोगिरात दडवून वर बसते आणि पाळी आल्याने उठता येत नाही असे सांगते. विटाळाचा अर्थ ज्यांना शिकवावा लागत नाही अशा वाचकाला या विनोदाची धार हिब्रू श्रोत्याइतकीच लागते. ‘तेराफीम’ म्हणजे काय हे युरोपीय भाष्यकारांना लांबण लावून समजवावे लागते. देव्हाऱ्यातले खंडोबा, भवानी, बहिरोबाचे टाक पाहिलेल्याला एवढे सांगितले तरी पुरते. पुढे याकोब घरातले सगळे परके देव आणि कानांतली वळीसुद्धा गोळा करतो आणि शखेमजवळ एका झाडाखाली पुरून टाकतो. फोडत नाही, जाळत नाही, पुरतो.

याच याकोबाने आधी बेथेल येथे उशाचा धोंडा उभा करून त्यावर तेल ओतले होते, आणि तिथे त्याला कोणी दोष दिलेला नाही. अशा उभ्या शिळेला हिब्रूत ‘मस्सेबा’ म्हणतात. अनुवादाच्या पुस्तकात नंतर तिला सक्त मनाई आली. शिंगणापूरला उघड्या चौथऱ्यावरच्या अनघड शिळेवर तेल पडताना पाहिलेल्या नेवाशाच्या पाळकाला उत्पत्तीचा अठ्ठाविसावा अध्याय समजावताना दोन वाक्ये जास्त बोलावी लागत असतील.

सोन्याच्या वासराची कथा (निर्गम 32) सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यातला एक तपशील सुटतो. वासरू घडवल्यावर अहरोन जो सण जाहीर करतो, तो परक्या देवाचा नाही, परमेश्वराचाच आहे. म्हणजे लोकांनी देव बदलला नव्हता, त्याला हाताशी धरता येईल असे केले होते. इ. स. पू. दहाव्या शतकाच्या अखेरीस राज्य दुभंगल्यावर यराबामाने बेथेल आणि दान येथे दोन वासरे बसवली, त्यामागे तर उघड राजकारण होते : प्रजा यात्रेला यरुशलेमला गेली तर निष्ठाही तिकडेच जाईल. दुसरे बोलके उदाहरण पितळी सापाचे. मोशेने तो देवाच्या सांगण्यावरून केला होता, सर्पदंशावर उपाय म्हणून. शेकडो वर्षांनी लोक त्याला धूप दाखवू लागले, तेव्हा हिज्किया राजाने त्याचे तुकडे केले. देवाज्ञेने घडवलेली वस्तूही कालांतराने मूर्ती होते, हे बायबल स्वतःच नोंदवते.

संदेष्ट्यांच्या उपहासाबद्दल मात्र सावध राहायला हवे. यशयाच्या पुस्तकात एक सुतार लाकडाच्या अर्ध्या भागावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याचा देव करतो. चित्र झणझणीत आहे, पण एकतर्फी. बाबिलोनमध्ये मूर्तीवर ‘मुखप्रक्षालना’चा विधी होत असे. त्यात कारागिरांचे हात लाकडी हत्याराने लाक्षणिक रीतीने तोडत आणि मूर्ती आपण घडवलीच नाही अशी शपथ ते घेत. प्राणप्रतिष्ठा माहीत असलेल्याला यात नवल वाटणार नाही. मूर्तिपूजक लाकडाला देव मानतो हे संदेष्ट्याचे भांडण आहे, वर्णन नव्हे. आणि भांडण इतके का पेटले हे उत्खननातून दिसते. सीनायमधील कुंतिलेत अज्रूद येथे 1975-76 मध्ये सापडलेल्या, इ. स. पू. 800 च्या सुमाराच्या रांजणांवर परमेश्वर आणि ‘त्याची अशेरा’ यांच्या नावे आशीर्वाद लिहिलेले आहेत. निदान काही इस्राएली घरांत देवाला जोडीदारीण होती.

नव्या करारात प्रश्नाचे ताट बदलते. करिंथ शहरात बाजारचे बरेच मांस देवळातल्या बळीचे असे. ते ख्रिस्ती माणसाने खावे का? पौलाचे उत्तर तीन पायऱ्यांचे आहे. मूर्ती ही काहीच नाही, तेव्हा मांसात दोष नाही. बाजारातून घ्या, चौकशी करू नका. पण हे नैवेद्याचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर खाऊ नका, त्या सांगणाऱ्यासाठी. आणि कच्च्या मनाचा भाऊ तुमच्याकडे पाहून अडखळणार असेल तर मुळीच नको. त्याच परंपरेत कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. मूर्ती नसलेली मूर्तिपूजा ख्रिस्ती विचारात येते ती इथून.

पंथभेद : आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी प्रतिमा फोडवल्या, 787 च्या दुसऱ्या निकैया परिषदेने प्रतिमेला मान देणे आणि देवाची आराधना करणे यांत भेद करून त्या परत आणल्या. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी पुन्हा चर्चच्या भिंती पांढऱ्या केल्या. याचा पत्ता आजही दहा आज्ञांच्या क्रमांकांत लागतो. प्रॉटेस्टंट मुलगा कोरीव मूर्तीची मनाई दुसरी आज्ञा म्हणून पाठ करतो, कॅथलिक मुलगी तीच पहिल्या आज्ञेच्या पोटात शिकते. त्याच शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा यांना भक्तांनी रातोरात फोंड्याकडे हलवले. मराठी मुलखात ‘मूर्तिपूजा’ या आरोपाची पहिली ओळख ही अशी, हत्यारासकट झाली. एकोणिसाव्या शतकात तो छापील वादात आला : मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर, पुढे विष्णुबुवा ब्रह्मचारी.

नगर जिल्ह्यात : अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणे मांडले आणि 1842 साली ‘ज्ञानोदय’ इथूनच निघाला. हे अमेरिकन चित्र-पुतळ्यांना चर्चमध्ये थारा न देणाऱ्या परंपरेतले होते. त्यांच्याकडे मोठ्या संख्येने आले ते महार आणि मांग, गावगाड्याच्या कडेचे लोक, आणि त्यांच्यापुढे प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता. देवीच्या जत्रेतली ठरलेली कामे करायची की नाही? गावची वाजंत्री ज्यांच्याकडे, त्यांनी पालखीपुढे हलगी वाजवायची का? वाजवली तर मंडळीत बोल, नाही वाजवली तर बलुते जाते. इफिसच्या देमेत्रिय सोनाराला अर्तमीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बुडेल अशी भीती होती. इथे ती भीती सोनाराची नव्हती, नव्या ख्रिस्ती माणसाचीच होती. मूर्तिपूजा सोडणे म्हणजे पुष्कळदा सुगीतला आपला वाटा सोडणे होते.

दुसरा वाद आवाजाचा. टाळ, मृदंग, अभंग, कीर्तन ही सगळी चाल देवळातली. ती उपासनेत आणली तर मूर्ती मागच्या दाराने येईल का? कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तने केली. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन नगरला आलेल्या नारायण वामन टिळकांनी तर अभंगाला चर्चचे घरचे माणूस करून टाकले. आज ज्या मंडळीत देव्हाऱ्यावर कडक प्रवचन होते, तिथेच आधी टाळ वाजलेले असतात, आणि कोणाला ते खटकत नाही. खुणेचा वाद रमाबाईंचाही होता : इंग्लंडमध्ये असताना लॅटिन अक्षरांचा क्रूस गळ्यात घालायला त्यांनी नकार दिला, अक्षरे हवीतच तर संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता.

कॅथलिकांची वाट वेगळी. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. पायी येणारे जथे, नवस, मेणबत्त्या, खेळण्यांची दुकाने, आणि रांगेत हिंदू बायकाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे 1970 साली एकत्र आलेल्या जुन्या मिशनच्या मंडळ्यांतले काही लोक याला सरळ मूर्तिपूजा म्हणतात. फादर निकैयाचा भेद सांगतात : मान मातेला, आराधना देवाला. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहिले जातात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तर लोक शिरगावच्या लईराईची बहीण मानतात. तिथे हा भेद किती टिकतो, हे रांगेतल्या माणसाच्या मनावर आहे.

आजचे घर : प्रॉटेस्टंट घरात पुतळा नसतो, पण दिवाणखान्यात येशूचे चित्र असते, बहुधा वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराने 1940 साली रंगवलेल्या चेहऱ्याच्या वळणाचे, कधी भोवती दिव्यांची माळ. त्याला हात जोडत नाहीत. मात्र घर रंगवताना ते खाली ठेवायला कोणी धजत नाही. आजाऱ्याच्या उशाखाली बायबल ठेवतात. प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली गावोगाव फिरते. सभेतल्या प्रचारकाचा हातरुमाल जपून ठेवणारेही आहेत. यातले किती श्रद्धा आणि किती ताईत, हे नहुश्तानची, म्हणजे हिज्कियाने फोडलेल्या त्या सापाची, गोष्ट वाचणाऱ्याने ठरवावे. पाळक व्यासपीठावरून नव्या मूर्तींची यादी सांगतात : पैसा, मोबाईल, मुलाची परदेशातली नोकरी. या यादीत जात सहसा नसते. सोयरीक जमवताना जुनी जात विचारणारी ख्रिस्ती घरे आहेत. कलस्सैकरांच्या पत्राची व्याख्या लावली तर हा देव्हारा घरात अजून आहे आणि त्यावर प्रवचन क्वचितच होते.

रोजचा प्रश्न मात्र करिंथचाच राहिला आहे. शेजारून सत्यनारायणाचा शिरा येतो. काही जण मनात प्रार्थना करून खातात, काही हसून घेतात आणि गाईला घालतात, नव्या पंथांत गेलेले दारातच नाही म्हणतात. गणपतीच्या वर्गणीला ‘मंडळाच्या कामाला’ म्हणून पैसे दिले जातात, पावतीवर देवाचे चित्र असतेच. खरी कसोटी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, कंदुरीच्या ताटाची. बोकड देवाला कापलेला, आमंत्रण शेतात बरोबर राबणाऱ्याचे. पौलाची दुसरी पायरी इथे अडते, कारण हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगतच नाही. सगळ्यांना माहीतच असते. जुनी माणसे पंगतीत बसत नाहीत, पण डबा घरी आला तर परत पाठवत नाहीत. डबा रिकामा परत करायची रीत नाही, म्हणून तो नाताळच्या फराळापर्यंत थांबतो आणि करंज्या-चकल्या घालून त्याच घरी जातो. त्या करंज्यांवर कोणाच्या नावाने प्रार्थना झाली, हे तिथे कोणी विचारत नाही.