लिंकवर टॅप केल्यावर नेमकं तेच पान कसं उघडतं? समजून घ्या 'रूटिंग'

नागपुरातल्या धंतोलीचा पिन कोड आहे ४४००१२. पत्र कुठूनही टाका, पहिल्या तीन अंकांवरून ते नागपूरकडे वळतं आणि शेवटच्या तीन अंकांवरून त्या भागाच्या पोस्टात पोचतं. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. वेबसाइटच्या लिंकचंही काम साधारण असंच चालतं.

लिंकचे दोन भाग

पहिला भाग डोमेन. तो तुमची मागणी योग्य सर्व्हरपर्यंत नेतो. डोमेननंतरच्या तिरप्या रेघेपुढचा भाग म्हणजे पाथ. समजा, एका हॉस्पिटलच्या साइटवर पाथ आहे 'डॉक्टर/२५'. म्हणजे २५ क्रमांकाच्या डॉक्टरांची माहिती हवी आहे.

रूटिंग म्हणजे काय?

रेल्स, लारावेल यांसारख्या फ्रेमवर्कमध्ये डेव्हलपर एक यादी लिहून ठेवतात: कोणता पाथ आला तर कोणता कोड चालवायचा. एका विषयाच्या कोडला 'कंट्रोलर' म्हणतात, तर त्यातल्या एकेका कामाला 'ॲक्शन'. इथे 'डॉक्टर' हा कंट्रोलर, 'माहिती दाखवा' ही ॲक्शन. २५ हा आकडा त्या ॲक्शनच्या हाती दिला जातो.

यादी वरून खाली तपासली जाते आणि जुळणारा पहिला नियम लागू होतो. त्यामुळे 'डॉक्टर/नवीन' हा नियम 'डॉक्टर/काहीही' या नियमाच्या वर हवा. नाहीतर साइट 'नवीन' नावाचा डॉक्टर शोधत बसेल!

४०४ का दिसतं?

एकही नियम जुळला नाही किंवा मागितलेली नोंदच नसेल, तर ४०४ हा एरर येतो. साइटची रचना बदलताना जुन्या पाथवरून नव्याकडे वळवणारा नियम, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लिहिला नाही, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या लिंक बंद पडतात.

तुमच्यासाठी महत्त्वाचं काय?

पाथमध्ये काय लिहायचं, हे पूर्णपणे साइटच्या मालकाच्या हातात असतं. कुणीही आपल्या डोमेनपुढे 'महावितरण/बिल' असा पाथ तयार करू शकतो. "आज रात्री वीज कापली जाईल" अशा मेसेजमधली लिंक म्हणूनच नीट पाहा. महावितरणचं डोमेन 'महाडिस्कॉम डॉट इन' आहे. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी तेच संपूर्ण नाव नसेल, तर पुढे काहीही लिहिलेलं असो, पैसे भरू नका.