थंडीचे दिवस थोडे

२०२५ सालची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. त्या संध्याकाळी माझा पुतण्या काश्मीरहून थेट जळगावला, आमच्या घरी आला. तो पुण्यात नोकरी करतो. स्नोबोर्डिंग शिकायचे म्हणून दोन वर्षे पैसे साठवत होता. दोन्ही पाय एकाच फळीला बांधायचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचे, असा हा खेळ. गुलमर्गला २२ ते २५ फेब्रुवारी या काळात ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा होणार होत्या. त्या बघायच्या आणि आठ दिवस शिकायचे, असा त्याचा बेत होता. पण पुरेसा बर्फच नव्हता. स्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या. उतारावर जागोजाग माती दिसत होती.

“काका, पैसे पाण्यात गेले म्हणावं, तर तिथे पाणीसुद्धा नव्हतं,” तो म्हणाला आणि सोफ्यावर बसला. मग काकूकडे वळून म्हणाला, “निदान भरीत तरी खाऊ घाला.”

ही म्हणाली, “आता कुठली रे भरिताची वांगी? औंदा थंडीच पळाली लवकर. बाजारात आहेत ती सगळी बियांची.”

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर काश्मीरमध्ये बर्फ पडत असल्याच्या बातम्या सुरू होत्या. पुतण्या पडद्याकडे बघत राहिला. पुढे त्या स्पर्धा ९ ते १२ मार्चला झाल्या, पण तोवर याची रजा संपली होती.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्या रात्री मनात आले, की एकाच पाहुण्याने एकाच आठवड्यात आम्हा दोघांना, म्हणजे गुलमर्गला आणि जळगावला, फसवले. आणि हा पाहुणा खरोखरच एक आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत वादळी हवेचे पट्टे आपल्याकडे येतात. हवामान खाते त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणते. हे पट्टे हिमालयात बर्फ टाकतात. ते पुढे सरकले, की त्यांच्या पाठोपाठ कोरडे, गार वारे उत्तरेकडून खाली उतरतात. राजस्थान, मध्य प्रदेश, मग सातपुडा ओलांडून तापीच्या खोऱ्यात. आभाळ निरभ्र असले, की रात्री जमीन भराभर निवते. मग धुळ्याचा पारा चार-पाच अंशांवर आल्याची बातमी छापून येते. तिकडे बर्फ पडला की चार दिवसांनी इकडे गोधड्या निघतात, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना नकाशा न बघताही ठाऊक होते.

आता कोणी म्हणेल, खानदेश म्हणजे उन्हाचा मुलूख; भुसावळ-जळगावच्या मे महिन्यातल्या आकड्यांनी अवघा देश हबकतो. इथे थंडीचा इतिहास तो कसला? माझे म्हणणे उलट आहे. जिथे थंडी चार दिवसांची, तिथेच तिची किंमत जास्त. उत्तर हिंदुस्थानात थंडी सोसायची असते. आपल्याकडे ती साधायची असते. आणि जी गोष्ट साधायची असते, तिच्याभोवती माणसे सण, जत्रा, कामे आणि जेवणे बांधतात. थंडीचा इतिहास दफ्तरात फारसा सापडत नाही. तो या बांधणीत सापडतो.

आपल्या हिवाळ्याचे दोन खांब पाहा. पहिला चंपाषष्ठीचा. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडगा होऊन पानात परत येते. दुसरा खांब महाशिवरात्रीचा. थंडी ‘शिव शिव’ म्हणत त्या दिवशी निघून जाते, असे घरोघर म्हणतात. या दोन खांबांमध्ये फार तर अडीच-तीन महिने. तेवढ्यातच सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. आज हे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो, व्यापारी उघड्यावर मुक्काम करतात. शेवटी महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव-मुक्ताईची यात्रा. एप्रिलात या नदीकाठी वाळूत उभे राहून दाखवा! खानदेशाने आपले उघड्यावरचे जगणे थंडीच्या झोळीत घातले, ते उगाच नव्हे.

राज्यकर्त्यांनीही हेच केले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. या सबंध काळात साहेबाची फिरती हिवाळ्यात असे. पावसाळा संपून वाटा सुकल्या, की तंबू, कागदपत्रे, कारकून असा लवाजमा गावोगाव निघे. उन्हे चढली, की कचेरीत परत. रयतेची गाऱ्हाणी साहेबाच्या कानांवर पडायची, ती बरीचशी या दिवसांत.

आणि याच ऋतूत खानदेशाने आपला सर्वांत मोठा पाहुणचार केला. २७ आणि २८ डिसेंबर १९३६. फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू, महात्माजी हजर, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावच्या साहित्यातून उभी केलेली सजावट. त्या नगराला नाव दिले होते टिळकनगर. साने गुरुजी आणि धनाजी नाना चौधरी यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. आमचे आजोबा तेव्हा तरुण होते आणि पायी गेले होते. त्यांना भाषणांतले फार आठवत नसे. पहाटेची थंडी मात्र आठवे. अनोळखी माणसे एका शेकोटीभोवती कशी बसली, कोणी कोणाची जात विचारली नाही, हे ते पुनःपुन्हा सांगत. शेकोटीत सगळे सारखेच पुढे सरकतात, हे त्यांचे वाक्य.

इथे इतिहासाच्या मास्तराने एक खबरदारी घ्यायला हवी. आठवणीतली थंडी नेहमी खऱ्या थंडीपेक्षा चार अंशांनी कडक असते. आजोबांच्या अंगात स्वेटर नव्हता, घराला फटी होत्या आणि पहाटे मोटेवर जावे लागे. ‘आमच्या वेळी काय थंडी होती!’ या वाक्यात थोडी थंडी आणि बरेचसे तारुण्य असते. शिवाय त्या काळीही सगळे हिवाळे सारखे नव्हते. ढगाळ पौष तेव्हाही येत असणार. म्हणून मी आठवणीवर भिस्त ठेवत नाही. थंडीवर पोट असलेल्या माणसांकडे बघतो.

त्यातला पहिला माणूस भरिताच्या वांग्याचा शेतकरी. यावल तालुक्यातले बामणोद आणि जळगावजवळचे आसोदे, म्हणजे बहिणाबाईंचे माहेर, ही या वांग्याची नावाजलेली गावे. हिरवे, पांढऱ्या रेघांचे, हातात न मावणारे, कमी बियांचे. कपाशीच्या काड्यांवर भाजायचे, लाकडी बडगीत ठेचायचे, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सढळ हाताने तेल. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. शेतात वीस-पंचवीस माणसे जमवून केलेली भरीत पार्टी हा आमचा खरा हिवाळी खेळ. २०१६ मध्ये या वांग्याला आणि जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. शहरात भरीत किलोवर विकणारी केंद्रे निघाली, डबे पुण्या-मुंबईला जाऊ लागले.

पण मानांकन जागेचे असते, ऋतूचे नसते. या वांग्याची चव थंडीत उतरते. हवा तापली, की बी धरते, गर तुरट होतो आणि शेंडे-फळे पोखरणारी अळी जोर धरते. जो माल वर्षातून दहा-बारा आठवडेच चालतो, त्यातले तीन आठवडे गेले तर शेतकऱ्याचा पाव हंगाम गेला. काड्या पुरवणारा, भरीत ठेचणाऱ्या बाया, पुऱ्या लाटणाऱ्या बाया, यांचीही तीच गत. गुलमर्गला घोडेवाले, शिकवणारे आणि हॉटेलातली पोरे यांचे जे होते, तेच इथे होते.

दुसरा माणूस केळीवाला. त्याचे गणित बरोबर उलटे. आमच्याच घरात ते मी पाहिले. माझ्या वडिलांची केळी होती आणि आजीचा जीव गव्हा-हरभऱ्यावर. रात्री बोचरे वारे सुटले, की आजी म्हणे, “पडू दे थंडी, गहू फुटेल चांगला.” वडील काही न बोलता कंदील घेऊन मळ्यात जात. केळ हे उष्ण मुलखाचे झाड. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला, की नवे पान निघायचे थांबते, घड भरायचा थांबतो, साल काळवंडते. त्यात कडाक्याच्या थंडीत दिल्लीकडे केळीला उठावही कमी. म्हणून बांधावर वारा अडवायला शेवरी, रात्री विहिरीचे कोमट पाणी, कडेला ओला-सुका पाला पेटवून धूर. वडील पहाटे धुराचा वास घेऊन परत येत आणि आजी त्यांना चहा देताना थंडीचा विषय काढत नसे. अलीकडे केळीच्या हवामानावर आधारित विम्यातही कमी तापमानाची अट असते. सलग तीन दिवस पारा आठ अंशांवर किंवा त्याखाली राहिला, तर भरपाई, असा हिशेब त्यात धरलेला मी पाहिला आहे. माझ्या दृष्टीने तेही थंडीच्या इतिहासाचे एक कागदपत्र आहे.

मग थंडी कमी झाली, तर केळीवाल्याने पेढे वाटावेत का? मला बरेच दिवस तसे वाटत होते. पण हिवाळा आखूड झाला म्हणजे उन्हाळा लांब झाला, हे साधे गणित मी विसरत होतो. जे आठवडे थंडीतून वजा होतात, ते उन्हाच्या खात्यात जमा होतात. फेब्रुवारीतच पाण्याची ओढ लागते, विहिरी लवकर तळ दाखवतात, आणि पुढे तीच केळी उष्ण वाऱ्यात होरपळतात.

हे आता नुसते मनाचे वाटणे राहिलेले नाही. देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणा भरण्याच्या वेळी गव्हाला चटका बसला आणि १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. २०२३ च्या फेब्रुवारीत दिवसाच्या तापमानाने जुने आकडे मागे टाकले. २०२४ हे त्या नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष. आणि माझा पुतण्या रिकाम्या हाताने परतला तो २०२५ चा फेब्रुवारी, सरासरी तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. आजोबांच्या आठवणीवर मी शंका घेतली, पण या आकड्यांवर घेता येत नाही. मधूनच एखादा हिवाळा कडाक्याचा येतोही. पण तो येईलच, अमुक दिवशी येईल, असा भरवसा उरलेला नाही.

मग करायचे काय? आमच्या घरात तरी ‘यंदा थंडी नाही’ म्हणून हातावर हात ठेवून कोणी बसत नसे. आजी गव्हाची पेरणी लांबू देत नसे. उशिरा पेरलेला गहू ओंबीत असताना उन्हात सापडतो, हे तिला कृषी विद्यापीठाने सांगावे लागले नव्हते. चंपाषष्ठीला ऊन असो की थंडी, ती नैवेद्यापुरते एक वांगे भाजत असे. पण माणसांना जेवायला बोलवायची ती खरी थंडी पडल्यावर. देवाची तारीख पक्की आणि माणसांची सैल, ही तिची रीत. आपण मात्र अलीकडे माणसांचीही तारीख पक्की करून बसलो. डिसेंबरचा अखेरचा रविवार, गाड्या ठरलेल्या, पन्नास ताटे सांगितलेली. मग घाम पुसत भरीत खायचे आणि म्हणायचे, पूर्वीची चव राहिली नाही. एरवी जानेवारीच्या मधल्या आठवड्यात खरी थंडी पडते, तेव्हा शेतकऱ्याकडे उत्तम माल असतो आणि गिऱ्हाईक नसते. हा तोटा हवामानाने केलेला नाही. तो आपल्या कॅलेंडरने केला आहे, आणि तेवढा तरी टाळता येण्याजोगा आहे.

गुलमर्गच्या आयोजकांनी स्पर्धा रद्द केल्या नाहीत, दोन आठवडे थांबले आणि बर्फ आल्यावर भरवल्या. माझा पुतण्या आता रजेची तारीख आधी ठरवत नाही. काश्मीरमध्ये बर्फ पडल्याची बातमी आली की निघायचे, असे त्याने साहेबाकडून कबूल करून घेतले आहे. त्या बातमीच्या चौथ्या दिवशी इकडे थंडी येणार, हे ओळखून मीही बामणोदच्या एका वांगेवाल्याला सांगून ठेवले आहे, “थंडी पडली की फोन कर भाऊ, वार कुठलाही असो. काड्या मी आणतो.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)