नऊ एकोणचाळीस

२८ फेब्रुवारी २०२४. १४२ दिवस बाकी.

क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या 'फाल्कन' प्रोग्रामची ७.११ ही आवृत्ती या दिवशी ग्राहकांना मिळू लागली. कंपनी टेक्सासची, पण तिचं एक मोठं कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. फाल्कनचं काम राखणदारीचं. हा फाटकावरच्या गुरख्यासारखा नसतो, थेट माजघरात झोपतो. विंडोजचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे त्याचं अंथरूण. चोर आत येण्याआधी जाग यावी म्हणून संगणक चालू होतानाच तो उठतो. सोय मोठी, पण माजघरातल्या राखणदाराला झटका आला तर सगळं घर बसतं.

७.११ मध्ये संशयास्पद हालचाल ओळखण्याचा एक नवा साचा आला. साच्यात रकाने होते २१. ते भरणारा कोड मात्र २०च रकान्यांचा माल पुरवत होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

५ मार्च. १३६ दिवस बाकी.

नव्या साच्यावर बेतलेला पहिला नियम जगभर पाठवला गेला. काही बिघडलं नाही. एप्रिलमध्ये आणखी तीन गेले, तेही सुखरूप. कारण या चारही नियमांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती, त्यामुळे त्या रकान्यात डोकावण्याची वेळच आली नाही. चारदा निभावलं म्हणजे पाचव्यांदाही निभावेल, असं धरून चालणं माणसाच्या स्वभावात आहे. पुलावरून पाणी वाहत असताना एसटी घालणाऱ्याचा हिशेब याहून वेगळा नसतो.

१८ जुलै, संध्याकाळी ६.१५. १५ तास २४ मिनिटं बाकी.

बुलढाण्यात सरकारी कचेऱ्या सुटल्या. आषाढी एकादशी आदल्याच दिवशी झाली होती. पेरण्या आटोपल्या होत्या, तरी गर्दीचे दिवस होते. एक रुपयात पीकविम्याची मुदत १५ जुलैवरून ३१ जुलैपर्यंत वाढली होती. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज १ जुलैपासून सुरू होते आणि त्यांनाही ३१ ऑगस्टपर्यंत मुदतवाढ होती. चिखली असो, मेहकर असो की मोताळा, जिल्ह्याचा सगळा कारभार सेतू आणि सीएससी केंद्रांतल्या दोन-चार संगणकांच्या तोंडावर येऊन थांबला होता.

हे संगणक कसे असतात, ते आपण सगळे पाहतो. काउंटरवर एक जुना डेस्कटॉप, शेजारी प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, खाली धापा टाकणारा यूपीएस. विंडोज कुठलं, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "दुकानदाराने मारून दिलंय." आपल्याकडे विंडोज घेत नाहीत, मारतात. त्यासोबत दुकानदाराला हमखास एक विनंती असते: "ते अपडेट तेवढं बंद करून द्या." तिचं कारणही खोटं नाही. रांगेत तीस माणसं उभी असताना पडद्यावर गोल फिरू लागतं, 'संगणक बंद करू नका' असं येतं आणि चाळीस मिनिटं जातात. पुन्हा चालू झाल्यावर प्रिंटर ओळख देत नाही. असा अनुभव दोनदा घेतलेला माणूस तिसऱ्यांदा अपडेटच्या वाटेला जात नाही.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला होता. तरी ते अशा टेबलांवर दिसायचं.

१९ जुलै, पहाटे सव्वातीनच्या सुमारास. सहा तासांहून अधिक बाकी.

अमेरिकेच्या मधल्या भागातलं मायक्रोसॉफ्टच्या 'अझुर' क्लाउडचं केंद्र अडखळलं. तिथे रचनेतला एक बदल सोडताना साठवणीची यंत्रं आणि गणनेची यंत्रं यांच्यातली वाट बंद झाली. पुढे जे घडलं त्याच्याशी याचा संबंध नव्हता. पण दिवसभर दोन्ही गोष्टींचा काला झाला आणि बरेच लोक अजूनही 'त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट बंद पडलं होतं' असंच सांगतात.

सकाळी ९.३९.

क्राउडस्ट्राइकने आणखी दोन नियम सोडले. फाइल छोटी, क्रमांक २९१. या वेळी एका नियमात एकविसाव्या रकान्यात खरोखरची अट होती. फाल्कन ती तपासायला गेला, वीस रकान्यांपुढे पाऊल टाकलं, आणि तिथे जमीनच नव्हती. स्मृतीच्या आपल्या नसलेल्या भागात हात घातला म्हणून विंडोजने स्वतःला तत्क्षणी थांबवलं. पडदा निळा. यंत्र पुन्हा सुरू झालं की राखणदार सगळ्यांच्या आधी उठणार, तीच फाइल वाचणार, पुन्हा निळा.

फाइल पाठवण्याआधी कंपनीचा तपासणारा प्रोग्राम ती बघत असे. पण त्याच्याही समजुतीत रकाने एकवीसच येणार होते, म्हणून त्याने ती पास केली. आणि मग ती एकदम सगळ्यांना गेली. आधी शंभर यंत्रं, तासाभराने हजार, असा काही क्रम नव्हता.

आपल्या भागात सोयाबीन पेरणारा माणूस घरचं बी वापरणार असेल तर त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. काही दिवसांनी उलगडून मोजतो. सत्तर उगवले तर ठीक, त्याहून कमी असतील तर बियाणं जास्त टाकायचं किंवा बदलायचं. नवं वाण आलं तर पहिल्या वर्षी चार तासं लावून बघतो, पूर्ण वावर देत नाही. कृषी विभाग दर उन्हाळ्यात हे सांगत असतो आणि न सांगताही जुनी माणसं करतच होती. अब्जावधींच्या या कंपनीने गोणपाट ओलं केलं नव्हतं, एवढीच खरी त्या दिवसाची तांत्रिक चूक. रकान्याची गफलत कुणाकडूनही होते. सगळं वावर एका दमात पेरणं हा मात्र निर्णय असतो.

सकाळी ९.४५. सहा मिनिटं उलटली.

महाराष्ट्रात पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून सरकारी कचेऱ्या पावणेदहाला उघडतात. खासगी कार्यालयंही साधारण याच सुमारास जागी होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र उलटून पंधरा मिनिटं झाली होती, तिथे लोक झोपेत होते. आपल्याकडे ऐन कामाच्या तोंडावर घाव बसला.

पहिला तडाखा विमानतळांना. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद इथे चेक-इनचे पडदे गेले. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांनी हाताने काम सुरू केलं. प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले: नाव, विमान क्रमांक, आसन, सगळं शाईत. इंडिगोची सुमारे दोनशे उड्डाणं रद्द झाली.

बुलढाण्यातल्या कचेऱ्या मात्र चालू राहिल्या. सरकारी कामाचं जाळं ज्या एनआयसीकडे आहे त्याला धक्का लागला नसल्याचं केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी त्या दिवशी सांगितलं. सेतू केंद्राचा तर प्रश्नच नव्हता, कारण फाल्कन हे मोठ्या कंपन्यांचं महागडं चैनीचं काम. दुकानदाराने मारून दिलेल्या विंडोजवर ते कुठून येणार?

म्हणजे त्या सकाळी अमेरिकेतली बलाढ्य विमान कंपनी आडवी आणि फळकुटाच्या टपरीतला संगणक पीकविम्याची पावती काढतोय, असं चित्र होतं. यातून 'बघा, अपडेट न करणंच बरं' असा अर्थ काढण्याचा मोह होतो. त्याबद्दल जरा पुढे.

सकाळी १०.५७. एक तास १८ मिनिटं उलटली.

क्राउडस्ट्राइकने फाइल मागे घेतली. त्यानंतर जे यंत्र त्या दिवशी पहिल्यांदा चालू झालं त्याला काहीही झालं नाही. या ७८ मिनिटांत जे बंद होतं ते वाचलं. उशिरा येणाऱ्या कारकुनाचा संगणक वाचला, वेळेवर येणाऱ्याचा गेला. ज्या गावात तेव्हा वीज नव्हती, तिथलं यंत्र असतंच तर तेही वाचलं असतं.

पण एका वर्गाची फसगत मला सगळ्यात बोलकी वाटते. कित्येक संस्थांनी सावधपणे फाल्कनची सगळ्यात नवी आवृत्ती न घेता एक पायरी किंवा दोन पायऱ्या मागची घेतली होती. नव्या मालातल्या खोड्या इतरांना आधी कळू देत, मग आपण घेऊ, हे अगदी शहाणपणाचं धोरण. तरीही त्या संस्था त्याच मिनिटाला कोसळल्या. कारण ते धोरण प्रोग्रामच्या आवृत्तीपुरतं होतं; रोज येणाऱ्या नियमांच्या फाइली त्या कुलपाच्या बाहेरून थेट आत येत. दार बंद केलं होतं, खिडकी आहे हेच ठाऊक नव्हतं. ग्राहकांना या फाइलींवर ताबा आणि टप्प्याटप्प्याने घेण्याची सोय कंपनीने दिली ती नंतर.

दुपारी ३.१५ च्या सुमारास. साडेपाच तास उलटले.

कंपनीचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी जाहीर केलं की हा सायबर हल्ला नाही. दोष सापडला आहे आणि दुरुस्ती पाठवली आहे. पाठवली खरी, पण घेणार कोण? जे यंत्र उठतच नाही ते इंटरनेटवरून दुरुस्ती कशी घेणार? एकेका यंत्रासमोर माणूस बसवा, सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली २९१ क्रमांकाची फाइल शोधा, पुसा. आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाका. ती किल्ली ज्या सर्व्हरवर जपून ठेवली होती तो सर्व्हरही निळा, असंही काही ठिकाणी झालं.

आता तो मोह. अपडेट टाळणाऱ्यांची अवस्था काय होते ते २०१७ मध्ये दिसलं होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला एका भगदाडावरचं ठिगळ दिलं. ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' त्याच भगदाडातून जगभर शिरला. ज्यांनी ठिगळ लावलं नव्हतं त्यांच्या फाइली ओलीस गेल्या. लगेच २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, आणि तो तर अपडेटच्याच वेषात आला. युक्रेनमध्ये कराचे हिशेब करायला 'एमईडॉक' नावाचा प्रोग्राम असे, आपल्याकडच्या टॅलीसारखा घरोघरी. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष मिसळलं. ते मर्स्क या जहाज कंपनीत पोचलं आणि तिच्या हातातलं न्हावा-शेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीला दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. सगळ्या जाळ्याची नोंदवही जिथे असते ते सर्व्हर जगभर पुसले गेले होते. एकच शाबूत सापडला, घाना देशात. तिथे नेमकी वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यावर नव्हता. त्याची प्रत माणसाच्या हाती देऊन विमानाने इंग्लंडला नेली. लोडशेडिंगला जन्मभर शिव्या देणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

तेव्हा न घेणारा मेला, घेणारा मेला, आणि २०२४ मध्ये मागची आवृत्ती घेऊन थांबणाराही मेला. मग खामगावातल्या जिनिंगच्या कचेरीने किंवा मलकापुरातल्या पतसंस्थेने करायचं काय? माझं मत असं की 'घ्यायचं की नाही' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'कुणी आधी घ्यायचं' हा खरा. पाच संगणक असतील तर एक गोणपाट ठरवा, ज्यावर रोजची वसुली अवलंबून नाही असा. त्यावर अपडेट पहिल्या दिवशी येऊ द्या. तिथे टॅली उघडतंय, प्रिंटर बोलतोय, अंगठा लागतोय, हे आठवडाभर पाहून मग बाकीचे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलण्याची सोय आहे. होम आवृत्तीत ती नाही, तिथे फार तर पाच आठवडे थांबवून ठेवता येतं. दुकानदार स्वस्तात होम मारून देतो तेव्हा खरं काय वाचवतो, ते इथे कळतं.

आणि आवृत्ती निवडताना चकचकीतपणा नव्हे, आधाराची शेवटची तारीख बघायची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याचीच दीर्घकाळ चालणारी एलटीएससी २०२१ ही आवृत्ती १२ जानेवारी २०२७ पर्यंत सांभाळली जाते. वर्षानुवर्षं एकच काम करणाऱ्या यंत्रांसाठीच ती असते. लिनक्सवाल्यांमध्ये उबुंटूची एलटीएस आवृत्ती पाच वर्षं चालते. डेबियनवाले तर आपल्या पक्क्या आवृत्तीला 'स्टेबल' हेच नाव देतात आणि ती तयार झाल्याशिवाय बाहेर काढत नाहीत, मग कुणी कितीही घाई करो.

रात्र.

रिझर्व्ह बँकेने सांगितलं की आपल्या अखत्यारीतल्या फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. बहुतेक बँकांची महत्त्वाची यंत्रणा क्लाउडवर नव्हती आणि फाल्कन वापरणाऱ्या मोजक्याच होत्या. तेव्हा हे वाचून अनेकांनी पाठ थोपटून घेतली. पण दुसऱ्या कुणाचं औषध आपण घेतलं नव्हतं म्हणून आपल्याला बाधलं नाही, याला तब्येत म्हणत नाहीत.

२० जुलै, पहाटे ३ वाजता. १७ तास २१ मिनिटं उलटली.

विमानतळांवरच्या यंत्रणा पहाटे तीनपासून सुरळीत असल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी सांगितलं. मायक्रोसॉफ्टने त्याच दिवशी आकडा दिला: ८५ लाख यंत्रं, म्हणजे जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी.

२२ जुलै, सकाळी ९.४५. तीन दिवस सहा मिनिटं उलटली.

सोमवार. अमेरिकेत डेल्टाची विमानं अजून रद्द होत होती. कुठल्या विमानावर कोणता कर्मचारी, हे जुळवणारा तिचा प्रोग्राम ताळ्यावर येत नव्हता. बुलढाण्यात शनिवार-रविवारची सुट्टी संपून कचेऱ्या उघडल्या. सेतूपुढे बायकांची रांग होती, सीएससीपुढे सातबारा घेतलेल्यांची. पीकविम्याचे अजून दहा दिवस होते.