प्रौढांचे स्वयंअध्ययन, हातातील उपकरणांद्वारे

शाळा, ठरीव अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या चौकटीबाहेर, प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या गरजेतून किंवा आवडीतून हाती घेतलेले आणि मोबाइल फोन, टॅबलेट, पूर्वीचे पीडीए (खिशात मावणारे छोटे संगणक) अशा हातात मावणाऱ्या उपकरणाच्या आधारे चाललेले शिक्षण. काय शिकायचे, किती शिकायचे आणि कुठे थांबायचे हे शिकणाराच ठरवतो. मुक्त विद्यापीठांचे अभ्यासक्रम, प्रमाणपत्र देणारे ऑनलाइन वर्ग आणि स्पर्धा परीक्षांची शिकवणी यांचा समावेश या नोंदीत नाही. बाजारभाव किंवा हवामान यांसारखी नुसती माहिती मिळवणे म्हणजे शिक्षण काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. येथे ते शिक्षणात धरले आहे. कारण भारतातील बरेचसे संशोधन त्याच अंगाने झाले आहे.

पूर्वपीठिका : प्रौढ माणसे शिक्षकावाचून बरेच काही शिकत असतात, हे पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय कॅनडातील ॲलन टफ यांना दिले जाते. १९७१ च्या ग्रंथात त्यांनी ‘अध्ययन-प्रकल्प’ ही कल्पना मांडली. एखादी गोष्ट शिकण्यासाठी जाणीवपूर्वक दिलेला, एकूण किमान सात तासांचा वेळ म्हणजे एक प्रकल्प. अशा प्रकल्पांपैकी बहुतेकांचे नियोजन शिकणारा स्वतःच करतो, असे त्यांना मुलाखतींत आढळले. अमेरिकेतील माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये स्वयंनिर्देशित अध्ययनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. टफ यांची सात तासांची अट मोबाइलला नीट लागू पडत नाही. दोन मिनिटांचे पाहणे आणि लगेच करून बघणे हा फोनवरील शिक्षणाचा नेहमीचा आकार आहे.

उपकरणांच्या बाजूने पाहिले तर ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या हाती धरता येणाऱ्या संगणकाची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात उतरली नाही. ॲपलचा न्यूटन (१९९३) आणि पामचा पायलट (१९९६) ही पीडीए वर्गातील सुरुवातीची उपकरणे. मोबाइल-अध्ययनाविषयीची एमलर्न ही परिषद २००२ मध्ये बर्मिंगहॅम येथे भरली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील गिल क्लफ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पीडीए व स्मार्टफोन वापरणाऱ्या प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. वापरणारे लोक उपकरणातील सोयी आपापल्या शिकण्याच्या हेतूनुसार वळवून घेतात, असा तिचा निष्कर्ष. उत्तरे देणारे मुळातच या उपकरणांचे शौकीन होते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. आशियातील जुना व मोठा प्रयोग म्हणजे बांगलादेशातील ‘बीबीसी जानाला’ (२००९). साध्या फोनवरून ठरावीक क्रमांक फिरवला की सुमारे तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकायला मिळे.

महाराष्ट्रातील शेतीविषयक लघुसंदेश सेवा : भारत सरकारची किसान कॉल सेंटर सेवा जानेवारी २००४ पासून सुरू आहे, तिथे प्रश्न शेतकरी विचारतो. त्यानंतर आलेल्या लघुसंदेश सेवांनी याच्या उलट वाट धरली : शेतकऱ्याने न विचारता सेवाच संदेश पाठवी. रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा ऑक्टोबर २००७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. वर्गणीदाराने आपली पिके व बाजार समित्या निवडायच्या आणि त्यानुसार भाव, हवामान व पीकसल्ला यांचे संदेश मराठीत मिळायचे. देवनागरी लघुसंदेशाला ७० चिन्हांची मर्यादा असते, रोमन लिपीतल्या संदेशाला १६० ची. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. त्यामुळे ‘करपा दिसल्यास फवारणी करा’ एवढे सांगून झाले की कोणते औषध, किती पाण्यात, उन्हे कलल्यावर की सकाळी, यांना जागाच उरत नसे. देवनागरी न दाखवणाऱ्या हँडसेटवर तर अक्षरांऐवजी चौकोन उमटत. नोकियाची लाइफ टूल्स ही सेवाही प्रथम महाराष्ट्रात अजमावून २००९ मध्ये देशभर आणली गेली. तिच्यात शेतीसोबत इंग्रजी शिकण्याचा भाग होता आणि निवडीसाठी चित्रांची यादी होती; माहिती लघुसंदेशाने येत असल्याने इंटरनेटशिवायही ती चाले. स्मार्टफोन आल्यावर दोन्ही सेवांचा काळ संपत गेला.

या सेवांचा उपयोग किती झाला, यावर मार्सेल फाफशॅम्प्स व बार्ट मिन्टेन यांचे काम सर्वांत काटेकोर मानले जाते (२०१२). महाराष्ट्रातील १०० गावांत त्यांनी टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू व सोयाबीन घेणारे ९३३ शेतकरी निवडले. त्यांतील काहींना रॉयटर्स सेवेची वर्षाची वर्गणी मोफत देऊन बाकीच्यांशी तुलना केली. शेतकऱ्याला मिळालेला भाव, पावसाने होणारे नुकसान आणि नवे वाण किंवा नव्या पद्धती स्वीकारणे, यांपैकी कशातच संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक दिसला नाही. माल कुठे विकायचा आणि त्याची प्रतवारी करायची का, या निर्णयांत थोडा बदल आढळला, तोही लहान. मोफत वर्गणी मिळालेल्या सर्वांनी ती वापरली नव्हती, हेही या संदर्भात नोंदले पाहिजे. याच्या समोर रॉबर्ट जेन्सन यांचा केरळच्या किनाऱ्यावरील अभ्यास (२००७) ठेवला जातो. १९९७ ते २००१ या काळात तिथे मोबाइल पोहोचला, तशी बंदराबंदरांतील तारलीच्या भावांतली तफावत आणि मासळीची नासाडी खूपच कमी झाली. तिथे कोणी संदेश पाठवत नव्हते. मच्छीमार होडीतूनच फोन करून भाव विचारत होते. मासळी काही तासांत खपली पाहिजे आणि कांदा चाळीत महिनोन्महिने राहतो, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. तरीही विचारणारा कोण आणि सांगणारा कोण, हा फरक महाराष्ट्रातील सेवांच्या मांडणीत दुर्लक्षिला गेला, असे म्हणावे लागते.

व्हॉट्सॲप गट : सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि विचारण्याचा खर्च जवळपास उरला नाही. द्राक्षबागायतदारांचे गट हे याचे ठळक उदाहरण आहे. नाशिक व सांगली जिल्ह्यांत बागेचे वय छाटणीपासून दिवसांत मोजतात, आणि गटातला प्रश्नही त्याच मापाने येतो : ‘ऑक्टोबर छाटणी, ३२ वा दिवस, रात्री पाऊस, पानावर तेलकट डाग.’ सोबत फोटो. पहिले उत्तर बहुधा उलट मागणीचे असते : ‘पान उलटं करून फोटो टाका.’ खालच्या बाजूस पांढरी बुरशी दिसली तर रोग डाऊनी, वरच्या बाजूस राखेसारखा थर असेल तर भुरी. फोटोचा कोन चुकला तर निदान चुकते. मग कोणी औषधाच्या बाटलीवरील लेबलचा फोटो टाकतो, कोणी स्वतःच्या बागेत काय झाले ते बोलून पाठवतो. आवाजी संदेशामुळे लिहिण्याचा कंटाळा असलेला जुना बागायतदारही बोलका होतो, आणि बहुतेक वेळा नेमके तेच ज्ञान हवे असते. अशा गटांचा एक तोटा म्हणजे एकच प्रश्न दर हंगामात नव्याने येतो. मागचे उत्तर शोधून काढण्याची सोय असून ती वापरली जात नाही. व्हॉट्सॲपने गटाची मर्यादा २०१६ मध्ये १०० वरून २५६ केली, २०२२ मध्ये ५१२ व पुढे १,०२४. मर्यादा भरली की दुसरा गट काढायचा, या रीतीमुळे एकाच नावाचे क्रमांकवार गट तयार झाले.

सल्ला देणाऱ्यांत औषधविक्रेतेही असतात आणि सल्ला कुठे संपतो व विक्री कुठे सुरू होते हे गटात कळत नाही. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत औषधांच्या उर्वरित अंशाची मर्यादा कडक आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांची निर्यात अडचणीत आली होती. ऐकीव मात्रा, किंवा फवारणी ते काढणी यांतील दिवसांचा चुकीचा हिशेब, या पिकात थेट खिशाला लागतो. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे हवामानाधारित सल्ले अनेक गटांत जसेच्या तसे पुढे पाठवले जातात. पाणी फाउंडेशनने फार्मर कप या शेतकरी गटांच्या स्पर्धेच्या निमित्ताने चालवलेल्या डिजिटल शेतीशाळा या अनौपचारिक आणि आखीव शिक्षणाच्या सीमेवर येतात. रोगट पानाचा फोटो घेऊन निदान सुचवणारे प्लँटिक्स हे ॲप मराठीतही आहे.

लिपी व टंकन : फोनवर मराठी लिहिणे हा बराच काळ अडथळा होता. मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेला ‘स्वरचक्र’ कळफलक २०१३ मध्ये आला. त्यात व्यंजन दाबले की भोवती स्वरांचे चक्र उघडते. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून टंकन करण्याची सोय दिली. बाराखडी विसरलेल्यांना किंवा ती कधी न शिकलेल्यांना शोधपेटी तेव्हापासून वापरता येऊ लागली. यूट्यूबवरील शोध आता अनेक जण बोलूनच घेतात.

स्त्रिया : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्वतः वापरत असलेला मोबाइल जवळ असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. तरीही शिवणकाम, पाककृती व सौंदर्योपचार यांचे शिक्षण व्हिडिओवरून मोठ्या प्रमाणावर चालते.

वाचन व श्रवण : युनेस्कोचा ‘मोबाइल युगातील वाचन’ हा अहवाल (२०१४) भारतासह आशिया-आफ्रिकेतील देशांतील फोनवर वाचणाऱ्यांविषयी आहे. स्टोरीटेल या कंपनीने २०१७ मध्ये भारतात सेवा सुरू केल्यावर मराठी श्राव्य पुस्तकांना नियमित श्रोता मिळाला.

संगीत : रियाजासाठी तानपुरा व तबल्याची ॲप्स सर्वत्र वापरात आहेत.

निसर्ग-निरीक्षण : कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे मर्लिन ॲप (२०१४) पक्ष्याचा आकार, रंग व जागा यांवरून नाव सुचवते, आवाजावरून ओळखण्याची सोय २०२१ पासून.

साक्षरता : केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ या नवसाक्षरता कार्यक्रमाचे (२०२२–२७) ॲप आहे; मात्र त्यात स्वयंसेवक शिक्षक व चाचणी असल्याने तो या नोंदीच्या कक्षेत अंशतःच येतो.