दोन्ही बाजूंना मर्लिनच

गाय हॅमिल्टन यांचा ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ १९६९ मध्ये पडद्यावर आला. त्यातल्या आकाशयुद्धाची एक गंमत साध्या प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. स्पिटफायर आणि हरिकेनला रोल्स रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या ‘जर्मन’ विमानांनाही मर्लिनच!

कारण ही विमानं आली होती स्पेनच्या हवाई दलाकडून. स्पेनने मेसरश्मिट आणि हाइन्केल परवान्यावर बांधायला घेतली, पण युद्धामुळे जर्मन इंजिनं मिळेनाशी झाली. मग ब्रिटिश इंजिनं बसवली गेली. मेसरश्मिटचं निमुळतं नाक त्यामुळे फुगलं आणि त्याला ‘बुचॉन’ (स्पॅनिशमध्ये गळा फुगवणारं कबूतर) हे नाव पडलं. तसं पाहिलं तर १९३५ मध्ये या मेसरश्मिटचा पहिला नमुना उडाला तोही रोल्स रॉइसच्याच केस्ट्रेल इंजिनावर.

विमानं जमवण्याचं काम निवृत्त ग्रुप कॅप्टन हॅमिश महॅडी यांच्याकडे होतं. युद्धकाळात बॉम्बर ताफ्यांना लक्ष्य दाखवणाऱ्या पाथफाइंडर दलासाठी इतर स्क्वॉड्रनमधली चांगली माणसं पळवण्यात त्यांची ख्याती होती. आता विमानं पळवायची होती. इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक स्पिटफायर सापडली, उडण्याजोगी झाली ती फक्त १२. जर्मन स्टुका बॉम्बर मात्र उडवता आलं नाही, रेडिओवर चालणाऱ्या प्रतिकृतींवर भागवावं लागलं.

चित्रण करायचं ते बी-२५ मिचेल बॉम्बरमधून. त्याच्या नाकात, शेपटीत, बाजूंना कॅमेरे बसवले होते. अंगावर असे भडक रंग फासले होते की त्याला ‘सायकेडेलिक मॉन्स्टर’ म्हणत. हा नुसता षोक नव्हता. भोवती घिरट्या घालणाऱ्या वैमानिकांना कॅमेऱ्याचं विमान लांबून ओळखू यायला हवं, नाहीतर टक्कर ठरलेली. ही धास्ती खरी होती: हॉवर्ड ह्यूज यांच्या ‘हेल्स एंजल्स’च्या (१९३०) निर्मितीत तीन वैमानिक आणि एक मेकॅनिक दगावले होते. 

१९६८ च्या चित्रीकरणात इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या हवाई तळावरचा एक खराखुरा हँगर स्फोटाने उडवून देण्यात आला. आज तिथेच जुन्या विमानांचं मोठं संग्रहालय आहे, म्हणजे नासधूसही इतिहासाच्याच नावावर जमा. दुसरीकडे टेक्सासचे वैमानिक कॉनी एडवर्ड्स यांनी चित्रपटाच्या मानधनाचा काही भाग रोख न घेता बुचॉन घेतली. ती त्यांच्या हँगरमध्ये कित्येक दशकं धूळ खात पडली आणि म्हणूनच वाचली. स्पॅनिश हवाई दलाच्या भंगारातून एवढी विमानं एका चित्रपटाने सोडवली, हे श्रेय समीक्षक सहसा देत नाहीत.

‘बॅटल ऑफ ब्रिटन’च्या ताफ्यातलं एक बुचॉन ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘डंकर्क’मध्येही (२०१७) उडालं. त्याचं नाक पिवळं रंगवलं होतं. खरी पिवळी नाकं डंकर्कनंतर आली, हे नोलनना माहीत होतं. पण शत्रू कोणता ते प्रेक्षकाला झटकन कळायला हवं होतं.